आमच्या साडूंनी कंट्रोलर पारखला

जगातली कुठलीही वस्तू आमच्या साडूंच्या पसंतीला उतरायची असेल, तर तिला आधी थोडा वेळ बैल व्हावं लागतं. कुकर असो, मिक्सर असो, पाण्याची मोटर असो की लेकीसाठी आलेलं स्थळ असो, साडू त्याच्याभोवती एक फेरी मारतात, पाठीवरून हात फिरवतात, दोन पावलं मागे सरून बुडाकडे बघतात आणि मान हलवून म्हणतात, "चालवून दावा." कुकर चालवून कसा दाखवायचा, हे तळेगावच्या भांडीवाल्याला आधी कळेना. शेवटी त्या बिचाऱ्याने शेजारच्या हॉटेलातून शेगडी आणली आणि दुकानातच डाळ लावली. साडूंनी डोळे मिटून शिट्ट्या ऐकल्या. "आवाज खणखणीत हाय, पर दम लवकर टाकतो," असं म्हणून त्यांनी कुकर नाकारला, वर डाळीत मीठ कमी पडल्याचंही सांगून आले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातंच मोठं चमत्कारिक. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही; दोघांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढाच काय तो समान गुन्हा. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, मी मनातल्या मनात साडू म्हणतो आणि तोंडाने नुसतंच "अहो" म्हणून वेळ मारून नेतो. ते मात्र मला लग्नाआधीपासून आजतागायत "पाव्हणं" म्हणतात. राहायला परंदवडीला. घरची भातशेती होती, शिवाय जवळच्या एका कारखान्यात नोकरी. आता नोकरी संपली आणि शेती उरली. गोठ्यातली शेवटची बैलजोडी जाऊन कित्येक वर्षं झाली, पण बैल पारखायची विद्या अंगात मुरलेली. बैल नाहीत म्हटल्यावर ती विद्या मग दिसेल त्या वस्तूवर चालते.

माझी स्वतःची निवड याच पद्धतीने झाली. तेव्हा साडू त्या घरचे एकुलते एक जावई होते आणि मला बघायला म्हणून लोणावळ्याला आले होते. मी इथल्याच एका विमा कार्यालयात नुकताच चिकटलो होतो. पोहे झाले, चहा झाला आणि साडू एकदम म्हणाले, "चला पाव्हणं, भुशीपत्तोर पाय मोकळे करून येऊ." सबंध रस्ताभर मी पुढे आणि ते मागे. मी थांबलो की तेही थांबायचे. धरणाच्या पायऱ्या चढून वर गेल्यावर त्यांनी भाजलेलं कणीस घेऊन माझ्या हातात दिलं आणि मी ते संपवीपर्यंत माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिले. मला वाटलं, बिचाऱ्यांना भूक लागली असेल. म्हणून मी अर्धं पुढे केलं. त्यांनी नको म्हटलं. लग्न झाल्यावर बायकोने सांगितलं, की घरी जाऊन त्यांनी दिलेला अहवाल असा होता : "चालीला सरळ हाय. दात शाबूत हायेत. खाताना दुसऱ्याला इचारतो. जरा सुस्त हाय, पर बुजत न्हाई. करून टाका." याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला त्यानंतर कुणी दिलेलं नाही. आमच्या साहेबांनी माझ्याविषयी वेळोवेळी जे लिहिलं ते याच्या जवळपासही जात नाही. 'सुस्त' हा शब्द तेवढा दोन्हीकडे आहे.

साडूंचा दुसरा सिद्धान्त दाव्याचा. दावं म्हणजे जनावर खुंट्याला बांधायची दोरी. "दावं न्हाई ती वस्तू आपली न्हाई. आज हितं, उद्या तितं," हे त्यांचं वाक्य त्या घरात रोज एकदा तरी कानावर पडतं. त्यामुळे टीव्हीचा रिमोट दिवाणाच्या पायाला सुतळीने बांधलेला, बॅटरी खिडकीच्या गजाला, नेलकटर कॅलेंडरच्या खिळ्याला, चष्मा गळ्यात आणि मोबाईल सदऱ्याच्या काजात. नखं कापायची तर कॅलेंडरला तोंड करून, भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. मी एकदा तसा उभा असताना शेजारच्या मावशी आल्या आणि मला कशाची शिक्षा झाली म्हणून विचारू लागल्या. माझी बायको म्हणते, दाजींच्या घरी चोर शिरला तर त्याला आधी गाठी सोडत बसावं लागेल, आणि तोवर दाजी उठून त्याला चहा विचारतील.

अशा घरात व्हिडिओ गेम आला तो लेकीमुळे. ती हिंजवडीला नोकरीला होती, तेव्हा तिने तो स्वतःसाठी घेतला. लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा तो आई-बापांच्या स्वाधीन करून गेली. बरेच दिवस तो विणलेल्या रुमालाखाली झाकून होता. खंडेनवमीला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं, इतपतच त्याची घराशी ओळख. पुढे लेक माहेरपणाला आली आणि तिने दोघांना समोर बसवून एक खेळ शिकवला. दोन बदकं असतात, एक हिरवं आणि एक पिवळं. नदीतल्या दगडांवरून उड्या मारत दोघांनी पैलतीर गाठायचा. गंमत अशी, की एकट्याने पोचून भागत नाही. एक बदक पाण्यात पडलं, की दुसऱ्यालाही मुकाट्याने मागे फिरावं लागतं. संसाराचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ताई, म्हणजे माझी ही थोरली मेव्हणी, मोठी खमकी बाई. चार माणसांचं काम एकटीने उरकून पाचव्याला नावं ठेवायला तिच्याकडे वेळ शिल्लक असतो. पहिल्या दिवशी तिने "ही पोरांची थेरं मला नगं" म्हटलं आणि आठवडाभरात अशी अवस्था झाली, की संध्याकाळी डेअरीत दूध घालून आली की पदर खोचून ती दिवाणावर डाव्या बाजूला बसायची आणि ओरडायची, "आवो, या की! बदकं खोळंबल्यात." डाव्या बाजूलाच, कारण जोडी लावली की बाजू बदलायची नाही, हा साडूंचा नियम, ज्या अंगाला जुंपला त्याच अंगाला बैल नीट चालतो. मग घरात जो काही संवाद चाले तो ऐकायला मी खास लोकलने बेगडेवाडी स्टेशनला उतरून दोन मैल तंगड्या तोडत जायचो. "उडी मारा की! मुहूर्त बगताय का?" "अगं, तूच पुढं पळतीस, माजं बदक काय तुज्या बापाचा गडी हाय का?" "माज्या बापाचं नाव काडू नका, पडलात बगा! पडलात का न्हाई?" आणि दोन्ही बदकं निमूट अलीकडच्या काठावर. रागावून दोघं पुन्हा नव्याने सुरुवात करत. मला वाटतं, लग्नानंतर इतका वेळ ती दोघं एकमेकांशेजारी पहिल्यांदाच बसत असतील.

आणि मग ताई माळ्यावरून पेंढा काढताना शिडीवरून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, यथावकाश निघालंही. पण हात निघाला तो काठीसारखा. बोटं कशीबशी मिटत, अंगठा मात्र जागचा हलेना. तळेगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आत्ता या दिवसांत हलवत राहिलात तर हलेल, दुखतंय म्हणून ठेवून दिलात तर कायमचा असाच राहील. त्यांनी दाबायला रबराचा एक लाल चेंडू दिला. "मी काय शेंबडं पोर हाय व्हय, चेंडू दाबत बसाया?" असं म्हणून ताईने तो शेजारच्या कुत्र्याला दिला. साडूंनी दुसरा आणला, तोही कुत्र्यालाच मिळाला. तिसऱ्या वेळी साडू चेंडू घेऊन अंगणात शिरले तेव्हा कुत्रं शेपूट हलवत त्यांच्याच स्वागताला पुढे आलं.

हसण्यावारी नेण्याजोगं ते नव्हतं. तांदळाची भाकरी थापावी तर ताईने. पातळ, काठापर्यंत एकसारखी, तव्यावर टाकली की टम्म फुगणारी. आता शेजारच्या मावशी दोन वेळा भाकरी करून आणून देत आणि त्या घरात शिरल्या की ताई भिंतीकडे तोंड करून बसे. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, "बाईचा हात गेला की बाई गेली गं." जन्मभर जिभेवर धार घेऊन वावरलेली ही बाई इतक्या हलक्या आवाजात बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं. परतीच्या वाटेवर माझी बायको स्टेशनपर्यंत रडत आली.

थोड्या दिवसांनी साडूंचा फोन आला. आवाज एकदम बारीक, बहुधा गोठ्यातून बोलत असावेत. "पाव्हणं, एक जिन्नस बगायचाय. कुणाला बोलू नका." झालं होतं असं, की एका संध्याकाळी साडू एकटेच खेळत होते, ताई नुसती बघत बसली होती, तेवढ्यात साडूंचं बदक पडायला आलं आणि तिने न राहवून दुसरा कंट्रोलर उचलला. कंट्रोलर म्हणजे ते हातात धरून बटणं दाबायचं यंत्र. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. ताईने दोन उड्या मारल्या! चेंडूशी ज्या अंगठ्याचं जन्माचं वैर होतं, तो बदक वाचवायला आपणहून वाकला. पण लगेच तिने कळवळून कंट्रोलर खाली ठेवला. हे नव्या पद्धतीचे कंट्रोलर जाडजूड, वजनदार. पोटाखालीही बटणं आणि वर अंगठ्याने गोल फिरवायच्या दोन काड्या, त्यांना वळसा घालून अंगठा न्यावा लागतो. त्यात ते बिनवायरचे. साडूंनी त्यांनाही सुतळ्या बांधल्या होत्याच, पण सुतळीतून वीज वाहत नसल्यामुळे ते ऐन उडीत गतप्राण होत. "तिला हलकाफूल पायजे," साडू म्हणाले, "काड्या नगंत. पूर्वीच्या वक्ताला हुता तसला. आन वायर पायजे म्हंजी पायजे. पर तिला कळता कामा न्हाई. औषीद म्हनलं की ती कुत्र्याला देणार. म्या सांगितलंय, मलाच हौस आलीया."

मी म्हटलं, घरबसल्या मागवू, मोबाईलवर ढिगाने फोटो आहेत. मग साडू दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "फोटू बगून बैल घेतो का कुणी?"

लोणावळ्याच्या बाजारात अशा वस्तूंचं एक दुकान आहे. चालवणारी बाई चाळिशीची, शांत स्वभावाची. मुंबईच्या पर्यटकांना रोज तोंड देऊन तिची सहनशक्ती वाढली असावी. साडू तिथे गेले ते पटका, नवा सदरा आणि खांद्यावर उपरणं अशा थाटात. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती तोंडओळख केली. पहिल्या दिवशी घेणं हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. दुसऱ्या खेपेला बाईंनी काचेवर चार-पाच कंट्रोलर मांडले. "काका, हे सगळे जुन्या पद्धतीचे. रेट्रो म्हणतात. काड्या नाहीत, डाव्या हाताला हे अधिकच्या चिन्हाचं बटण, आणि सगळे वायरचे."

साडूंनी फेरी मारायला सुरुवात केली, पण मधे काउंटर असल्यामुळे ती अर्धीच झाली. मग त्यांनी एकेक उचलून तळहातावर तोलला. बटणं दातांसारखी बोटाने एकेक चाचपली. अधिकचं बटण चारही अंगांनी दाबलं आणि एकाला "ह्यो वाकड्यात चालतो" म्हणून बाजूला केलं. बाई चकित झाली, कारण त्याचं डावीकडचं बटण दाबलं की कधीकधी वरचंही दाबलं जायचं, हे खरं होतं. पण पुढच्याला त्यांनी नाकारलं ते त्याच्या कपाळावर, बैलाच्या कपाळावर केसांचा भोवरा असतो तसा, गोल ठसा होता म्हणून. "भवरा हाय. भवऱ्याचं जनावर दावणीला नगं." आणि मग त्यांनी वायर मोजली. इंच-फुटांशी त्यांचं देणंघेणं नाही. कोपरापासून बोटापर्यंत हात धरून त्यांनी ती मोजली, आणि टीव्हीपासून दिवाणापर्यंत पोचून वर अंगाखांद्यावर खेळायला थोडं ढिलं राहील एवढं दावं असलेलाच ठेवला.

अखेर त्यांनी एक निवडला. रुंद, दणकट, बटणं अशी कडक, की दाबली की खट्ट आवाज व्हावा. "मवाळ बैल कामाचा न्हाई," ते माझ्या कानात म्हणाले. आता सौदा. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, भोवतालच्या कुणालाही पत्ता लागत नाही. साडूंनी खांद्यावरचं उपरणं काउंटरवर पसरलं आणि हात आत घालणार एवढ्यात समोर बाईमाणूस आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. ते लाजून लालबुंद झाले. पण रीत मोडणं शक्य नव्हतं. मग त्यांनी माझा हात ओढून उपरण्याखाली घेतला. ते माझी बोटं दाबणार आणि मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात तो गुप्त आकडा बाईंना सांगणार, अशी व्यवस्था ठरली. कुठलं बोट दाबलं म्हणजे किती, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी आपला खोक्यावर छापलेलाच आकडा पुन्हा पुन्हा सांगत होतो. बाई दर वेळी "चालेल" म्हणत होती. सौदा भलताच झटपट जमला म्हणून साडू खूश झाले.

आणि तिथेच घात झाला. घरी जाऊन ताईच्या हातात तो दिला, तर तिची बोटं कडेपर्यंत पोचेनात. उडीचं कडक बटण तिने एकदा दाबलं, ओठ आवळले आणि कंट्रोलर साडूंच्या मांडीवर ठेवून ती आत गेली. साडू मला फोनवर म्हणाले, "पाव्हणं, म्या येडा. औत धरणार ती आन बैल पारखला म्या माज्या हातानं." आयुष्यभर ज्या विद्येवर विसंबले, ती नेमकी गरजेच्या वेळी फसली, याचा त्यांना धक्का बसला होता. दोन दिवस त्यांनी कुठल्याच वस्तूवर मत दिलं नाही. तेवढ्यात शेजाऱ्याने नवी मोटरसायकल दारात आणून उभी केली, तर साडू तिच्याकडे पाठ करून बसले. मला त्यांची खरोखर काळजी वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच ते लोणावळ्यात हजर. दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेले. बाई येताच म्हणाले, "जांगड देता का?" जांगड म्हणजे माल पसंतीसाठी घरी न्यायचा, पटला तर ठेवायचा, नाहीतर परत आणून द्यायचा, पूर्वी कापडवाले-सोनार अशी जांगड देत. बाईने हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता म्हणाली. खोकी फोडलेला माल असा बाहेर देत नाहीत, हेही म्हणाली. तेव्हा साडू पहिल्यांदाच माझ्याखेरीज कुणाजवळ खरं बोलले. "मालकीणबाई, मंडळींचा हात ऱ्हातोय. तिच्या हाताला बसला पायजे, माज्या न्हाई." बाईने लगेच सगळे कंट्रोलर एका पिशवीत भरले. उपरणं, रुमाल, बोटं यांतलं काही मधे आलं नाही.

त्या संध्याकाळी मीही परंदवडीला होतो. साडूंनी सतरंजीवर कंट्रोलर मांडले आणि जगातलं सर्वांत वाईट सोंग आणलं. "मला चष्म्यातनं नीट दिसंना. तू जरा धरून सांग गं, कोंचा बरा हाय माज्यासाठी." चष्मा त्यांच्या गळ्यात लोंबत होता. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. तिला पहिल्या दिवसापासून सगळं कळलेलं होतं, हे सांगायला नको. पण नवऱ्याला सोंगाचा आनंद मिळू द्यावा, एवढी ती मनाने मोठी आहे. तिने एकेक उचलला. एक फार देखणा होता, पण वायर खोचली तरी टीव्हीवर काही उमटेना. तो फक्त कॉम्प्युटरसाठी केलेला निघाला. "धन्याला वळकतच न्हाई," साडू म्हणाले आणि त्याला ठेवून दिलं. मग ताईने सगळ्यांत लहान उचलला. राखाडी रंगाचा, चपटा, साबणाच्या वडीसारखा. साडूंनी दुकानात त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तो तिच्या हातात बसला. बटणं मोठी, गोल आणि मऊ होती. पण हातात अजून जोर नव्हता, कंट्रोलर निसटू बघत होता. तेव्हा ताईने एक विलक्षण गोष्ट केली. अंबाडीची दोरी वळताना तिचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात ना, तशी तिने ती वायर पायाच्या अंगठ्यात अडकवली आणि हलकासा ताण दिला. कंट्रोलर मांडीवर घट्ट बसला. धरायचं काम पायाने घेतलं आणि हाताला फक्त दाबायचं उरलं. बिनवायरच्या यंत्राला हे जन्मात जमलं नसतं. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांच्या दाव्याच्या सिद्धान्ताला जगाने आत्ताच मान्यता दिली आहे आणि मी साक्षीदार आहे.

ताईचं हिरवं बदक पहिल्या दगडावर गेलं. दुसऱ्यावर जाताना पडलं. "आई गं," ताई म्हणाली, ते बदकासाठी की अंगठ्यासाठी ते कळलं नाही. साडूंचं पिवळं बदक काही न बोलता मागे आलं. असं कितीदा तरी झालं आणि साडूंनी त्या दिवशी तिच्या बापाचं नाव एकदाही काढलं नाही. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "मुके झालात का? भांडा की जरा, त्याबिगर हात चालत न्हाई माजा." मग मात्र साडूंनी तोंड सोडलं आणि घर पुन्हा पूर्वीसारखं दणाणलं.

पुढचे दिवस रोज संध्याकाळी हा प्रकार चाले. डॉक्टरांनी विचारलं, की चेंडू नियमित दाबता का, तर ताई खुशाल "व्हय" म्हणाली. आधी अंगठा वाकला, मग करंगळीला भेटायला निघाला, मग एकदाचा भेटला. एक दिवस आम्ही गेलो, तर शेजारच्या मावशींच्या भाकऱ्या परत पाठवलेल्या आणि चुलीपुढे ताई. पहिली भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. ती साडूंच्या ताटात पडली. एरवी पाण्याच्या पेल्यावरही मत देणारा हा माणूस ती भाकरी खाली मान घालून खात राहिला आणि पुन्हा पुन्हा नाक पुसत राहिला. ठसका लागला म्हणाला. त्या दिवशी कालवणात तिखट नव्हतं.

आषाढात आम्ही पुन्हा गेलो तेव्हा लावणी जोरात होती. साडू दिवाणावर उजव्या बाजूला एकटेच बसले होते. टीव्ही बंद. तो राखाडी कंट्रोलर मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्याने ते बटणांमधली धूळ काढत होते. मी म्हटलं, "काय, आज खेळ नाही?"

"कुटला खेळ आता? वावरात असती ती. येती तवा दमलेली असती, भाकरी टाकती आन झोपती. हात चालाया लागला न्हवं. चालणारा हात कशाला बदकं खेळंल?" ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाव्हणं, एक बोलू का? कुणाला सांगू नका. थोडा... अगदी थोडाच दुखत ऱ्हायला असता ना..." आणि त्यांनी चटकन जीभ चावली, दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "न्हाई न्हाई. वंगाळ बोललो. बरा झाला, लय ब्येस झालं."

विमा विकणाऱ्या माणसाला दुखणं आल्यावर काय बोलायचं ते पाठ असतं. दुखणं गेल्यावर मागे जे रिकामपण राहतं त्याच्यावर आम्हाला काही शिकवलेलं नाही.

एवढ्यात ताई वावरातून आली. पायांना पोटरीपर्यंत चिखल, तोंडावर ऊन आणि समाधान. हातपाय धुऊन तिने चहा आणला. साडूंनी कप न घेता तिचा हातच धरला, उलटापालटा करून बघितला आणि माझ्यासमोर, न लाजता, आपली बोटं तिच्या मुठीत देऊन म्हणाले, "दाब बरं." ताईने अशी काही मूठ आवळली, की साडू "आई आई" करत अर्धे उठले आणि चहा बशीभर सांडला. ती खळखळून हसली, "झाली का खात्री?" म्हणाली आणि आत निघून गेली. तिथून भांड्यांचा, पाण्याचा, तिच्या भराभर चाललेल्या कामांचा आवाज येत राहिला.

"लय जोर आलाय, पाव्हणं," साडू म्हणाले, आणि ती चुरडलेली बोटं दुसऱ्या हातात धरून बराच वेळ तसेच बसून राहिले.